मनगटाचे दुखणे : उपचाराची सुरुवात अवजारापासून

द्राक्षाची छाटणी संपत आली, कांदा कापणीचा जोर ओसरला किंवा कपाशीची वेचणी ऐन भरात आली, की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते. कोणी म्हणते शीर चढली, कोणी म्हणते लचक भरली. अंगठ्याच्या बाजूचे मनगट सुजते. भाकरी थापताना, कळशी उचलताना, कपडे पिळताना कळ येते. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणल्या जातात, मनगटाला पट्टा बांधला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच हात त्याच कामाला लागतात. हंगाम संपला की दुखणे कमी होते, म्हणून ते विसरले जाते. पुढच्या हंगामात ते अधिक लवकर आणि अधिक जोराने परतते.

वैद्यकात या दुखण्याला मनगटाचा कंडरादाह म्हणतात. त्यावर उपचार आहेत आणि वेळेवर केल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. अडचण उपचारांच्या अभावाची नाही. ज्या कामामुळे दुखणे जडले ते काम, ते अवजार आणि ती मजुरीची रीत तशीच राहिली, तर दवाखान्यात मिळालेला आराम शेतात पुन्हा हरवतो. म्हणूनच हा विषय केवळ आरोग्य केंद्रावर सोपवून चालणार नाही. कृषी विस्तार यंत्रणेने तो आपला मानला पाहिजे.

दुखणे नेमके कशाचे?

स्नायूचे बळ हाडापर्यंत पोचवणाऱ्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. मनगटापाशी या कंडरा अरुंद बोगद्यांतून, गुळगुळीत आवरणात सरकतात. अंगठा बाहेर नेणारी आणि अंगठा सरळ करणारी अशा दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील कडेला एकाच बोगद्यातून जातात. अंगठा आवळून धरलेला असताना मनगट करंगळीच्या दिशेने वारंवार वळले, की या कंडरा बोगद्याच्या कडेवर घासतात. कालांतराने बोगद्याचे छत जाड होते, वाट अधिक अरुंद होते आणि प्रत्येक हालचालीला कळ उठते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘दाह’ हा शब्द रूढ असला, तरी जुनाट दुखण्यात दाहापेक्षा आवरण जाड होणे आणि झिजणे हाच मुख्य बदल असतो. त्यामुळे दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी वेदना दबते, पण अरुंद झालेली वाट केवळ गोळीने मोकळी होत नाही.

मनगटाची प्रत्येक वेदना एकाच प्रकारची नसते. मनगटाच्या तीन-चार बोटे वर, हाताच्या मागील बाजूस सूज असेल आणि हालचालीबरोबर करकर जाणवत असेल, तर दोन स्नायूगट एकमेकांवरून जातात त्या ठिकाणचा तो विकार असू शकतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर चेता दबल्याची शक्यता अधिक. दोन्ही हातांचे अनेक सांधे सकाळी तासाहून अधिक काळ आखडत असतील, तर संधिवाताची तपासणी आवश्यक ठरते. निदान वेगळे तर उपचारही वेगळे. म्हणून सर्वांना एकच पट्टा आणि एकच गोळी हा व्यवहार चुकीचा आहे.

शेतीतील कोणत्या कामांतून?

अंगठ्याची घट्ट पकड, मनगटाचे वळण आणि त्याच हालचालीची पुनरावृत्ती या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे हे दुखणे संभवते. भारतीय शेतीत अशा कामांची उणीव नाही. उकिडवे बसून खुरप्याने केलेली निंदणी, सिकेटरने छाटणी, कांद्याची पात कापणे, उसावर कोयता चालवणे, आसामच्या मळ्यांतील चहाची खुडणी, केरळातील रबराच्या झाडाची साल सुरीने कापणे, हाताने मक्याची कणसे सोलणे आणि दूध काढणे, या सर्वांत मनगट व अंगठा यांवरच भार येतो.

पुनरावृत्तीचे परिमाण साध्या हिशेबाने कळते. सिकेटर धरलेल्या मजुराने दर तीन सेकंदांना एक छाट घेतली, तर तासाला १,२०० आणि सात तासांत ८,४०० वेळा मूठ आवळली जाते. पाते बोथट असेल तर प्रत्येक वेळी अधिक जोर लागतो. त्यात काम उक्ते असेल, म्हणजे एकरावर मजुरी ठरलेली असेल, तर थांबणे म्हणजे उत्पन्न गमावणे. नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांत येणाऱ्या टोळ्यांचे काम पुष्कळदा असेच चालते. तेव्हा मनगटाच्या दुखण्याला शरीररचना जितकी कारणीभूत आहे, तितकीच मजुरीची पद्धतही आहे.

स्त्रियांवर हा भार दुहेरी पडतो. डी क्वेर्व्हेनचा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. गरोदरपणात व बाळंतपणानंतरच्या काळात, तान्ह्या बाळाला वारंवार उचलताना, त्याची शक्यता वाढते. निंदणी, वेचणी, दूध काढणे ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात आणि शेतातून परतल्यावर भाकरी, पाणी, धुणी यांतून मनगटाला उसंत मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत अंगठ्याकडील मनगटाच्या या कंडराविकाराचा स्पष्ट समावेश आहे. आपल्याकडे मात्र शेतकऱ्यांसाठीच्या अनुदान योजना अपघातापुरत्या आहेत. महाराष्ट्रातील गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे. यंत्रात हात सापडला तर तिचा आधार मिळू शकतो. तोच हात दहा हंगामांत हळूहळू निकामी झाला तर त्याची नोंदही कोठे होत नाही.

उपचारांचे पर्याय

पहिला उपचार म्हणजे कारणीभूत हालचाल थांबवणे किंवा कमी करणे. सुरुवातीच्या दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा लावल्यास वेदना व सूज कमी होते. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.

दुसरा पर्याय आधारपट्टीचा. येथे सर्वाधिक चूक होते. बाजारात मिळणारा साधा लवचीक मनगटपट्टा अंगठा मोकळाच ठेवतो. डी क्वेर्व्हेनच्या विकारात त्याचा फारसा उपयोग नाही. मनगट आणि अंगठ्याचे मूळ ही दोन्ही स्थिर ठेवणारी, मात्र अंगठ्याचे टोक मोकळे सोडणारी आधारपट्टी लागते. ती साधारण चार ते सहा आठवडे वापरावी लागते. ती कायम बांधून ठेवल्यास सांधा आखडतो, म्हणून वैद्यकीय सल्ल्याने अधूनमधून काढून हलक्या हालचाली कराव्यात.

तिसरा पर्याय वेदनाशामक औषधांचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे थोड्या दिवसांसाठी उपयुक्त आहेत. मात्र उन्हात घाम गाळणाऱ्या, दिवसभर पुरेसे पाणी न पिणाऱ्या माणसाने ती आठवडेच्या आठवडे घेतली, तर मूत्रपिंड व जठर यांना अपाय होऊ शकतो. पशुपालकांना डायक्लोफेनॅकचे नाव वेगळ्या संदर्भात परिचित आहे. हे औषध दिलेल्या मृत जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे स्पष्ट झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही आणि योग्य मात्रेत हे औषध माणसासाठी उपयोगी आहे. तरीही मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब, जठरव्रण, दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. सौम्य दुखण्यात वरून लावायचे जेल हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविके कंडरांना अपाय करू शकतात. अन्य आजारासाठी औषध घेतानाही कंडरेचे दुखणे असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

चौथा पर्याय फिजिओथेरपीचा. वेदना ओसरू लागल्यावर कंडरा सरकवण्याचे हलके व्यायाम आणि पुढे क्रमाक्रमाने भार वाढवणारे व्यायाम दिले जातात. पूर्ण विश्रांतीने दुबळी झालेली कंडरा पहिल्याच दिवशी पूर्ण कामाला लावली, तर दुखणे उलटते. आजारातून उठलेल्या बैलाला पहिल्याच दिवशी औताला जुंपत नाहीत. मनगटाला मात्र ती सवलत क्वचितच मिळते.

पाचवा पर्याय स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा. काही आठवड्यांत आराम न पडल्यास अस्थिरोगतज्ज्ञ ते कंडरेच्या आवरणात देतात. बहुसंख्य रुग्णांना त्याने चांगला आराम मिळतो आणि सोबत आधारपट्टी वापरल्यास परिणाम अधिक चांगला दिसतो. पण ते कंडरेतच टोचले गेले किंवा पुनःपुन्हा दिले गेले, तर कंडरा कमकुवत होते. टोचल्या जागेची त्वचा पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. मधुमेहींची रक्तशर्करा काही दिवस वाढते. म्हणून हे इंजेक्शन तज्ज्ञाकडूनच घ्यावे. छाटणी संपेपर्यंत वेळ मारून नेण्यासाठी गावात फिरणाऱ्या अपात्र व्यक्तीकडून ते टोचून घेणे धोक्याचे आहे.

शेवटचा पर्याय शस्त्रक्रियेचा. तीन ते सहा महिने इतर उपचार करूनही त्रास टिकला, तर अरुंद बोगद्याचे छत उघडून कंडरांना वाट मोकळी केली जाते. शस्त्रक्रिया लहान असते, केवळ हात बधिर करून होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. जड कामाला लागण्यास मात्र काही आठवडे लागतात. त्वचेलगतच्या चेतेला इजा होऊन अंगठ्याच्या पाठीवर बधिरता येण्याचा धोका असल्याने अनुभवी शल्यविशारदाची निवड महत्त्वाची ठरते. स्वतःच्या रक्तातील बिंबाणूंचे इंजेक्शन अलीकडे सुचवले जाते. त्याचा खर्च मोठा आहे आणि प्राथमिक उपचार म्हणून त्याचे स्थान अद्याप सिद्ध झालेले नाही.

घरगुती उपायांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. कोमट तेलाचा हलका हात फिरवण्यात हानी नाही. सुजलेल्या जागी जोराने चोळणे, शीर उतरवण्यासाठी अंगठा ओढणे, बिब्बा लावणे, डाग देणे हे प्रकार मात्र थांबले पाहिजेत. बिब्ब्याने त्वचा भाजते आणि मूळ दुखण्यावर जखमेची भर पडते.

काही लक्षणांत विलंब परवडत नाही. काटा रुतल्यानंतर किंवा जखमेनंतर बोट वा मनगट लाल होऊन सुजले, ताप आला, बोट सरळ करताना असह्य वेदना झाल्या, तर कंडरेच्या आवरणात जंतुसंसर्ग झाला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिले, तर हाड मोडल्याची शंका घेऊन क्ष-किरण तपासणी करावी.

विश्रांती कोणाला परवडते?

वरील सर्व पर्यायांत पहिला, म्हणजे विश्रांतीचा उपचार, कागदावर सर्वांत स्वस्त आहे; मजुराच्या घरात तो सर्वांत महाग ठरतो. सहा आठवडे छाटणीला न जाणे म्हणजे हंगामाच्या कमाईवर पाणी सोडणे. परिणामी स्वस्त आणि सुरक्षित उपचार मागे पडतात. गोळी आणि इंजेक्शन पुढे येतात. ‘काम बंद ठेवा’ असा सल्ला देऊन डॉक्टर मोकळे होतात, पण काम वेगळ्या प्रकारे कसे करता येईल हे सांगणारे कोणी नसते. ती उणीव भरून काढण्याचे ज्ञान वैद्यकापेक्षा कृषी अभियांत्रिकीकडे अधिक आहे.

ते ज्ञान देशात उपलब्ध आहे. भोपाळ येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या समन्वयाने शेतीतील श्रमशास्त्र व सुरक्षितता यांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प चालतो. त्यातून भारतीय शेतकरी स्त्री-पुरुषांची शरीरमापे व बळ यांची माहिती संकलित झाली आहे. भुवनेश्वर येथील केंद्रीय कृषिरत महिला संस्था स्त्रियांच्या श्रमांवर काम करते. उभ्याने चालवायचे चाकांचे कोळपे, दातेरी विळा, भुईमूग फोडणी व मका सोलणीची यंत्रे ही सारी या धाटणीच्या संशोधनाची फळे आहेत. सायकल कोळप्याने दोन ओळींतील तण निघाले, तर खुरप्याचे काम झाडालगतच्या तणापुरते उरते आणि मनगटाचा भार खांदा व पायांत विभागला जातो.

तथापि ‘सुधारित अवजार’ हा शब्द डोळे मिटून स्वीकारू नये. हातात धरायचे नळीसारखे मका सोलणी साधन बोटांच्या जखमा टाळते, पण कणीस पिळण्याची हालचाल तशीच ठेवते. घरच्या चार कणसांसाठी ते उत्तम. पोत्यांच्या हिशेबाने सोलणी असेल तर फिरत्या दांड्याचे किंवा पायाने चालवायचे यंत्रच हवे. विजेरीवर चालणारा सिकेटर मुठीचा जोर वाचवतो, मात्र तो जड असतो आणि बोट कापण्याचा धोका वाढवतो. म्हणून अवजाराची निवड एकरी वेगावरून करताना हाताचाही विचार व्हावा.

काही सुधारणांना तर खर्चही नाही. सिकेटर रोज धार लावून व तेल देऊन वापरावा. मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान, स्त्रियांसाठी त्यातल्या त्यात बारीक असावा. गुळगुळीत मुठीवर जुन्या सायकलीच्या ट्यूबचे वेष्टन दिल्यास पकडीचा जोर कमी लागतो. दूध काढताना अंगठा दुमडून सड दाबण्याची सवय सडाला इजा करते, असे पशुवैद्यक अनेक वर्षे सांगत आले आहेत. त्या सवयीने दूध काढणाऱ्याच्या अंगठ्यावरही अनावश्यक ताण येतो. पूर्ण मुठीची पद्धत गाईच्या आणि माणसाच्या, दोघांच्याही हिताची आहे.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

यावर आक्षेप घेतला जाईल, की विस्तार कार्यकर्ता डॉक्टर नव्हे. ते खरेच आहे आणि त्याने निदान वा औषधयोजना करूही नये. परंतु कीटकनाशक फवारताना हातमोजे व मुखपट्टी वापरा, हे सांगताना कोणी त्याला डॉक्टर म्हटले नाही. फवारणीची सुरक्षितता जशी पीक संरक्षणाचा भाग झाली, तशीच मनगटाची सुरक्षितता छाटणी, निंदणी व दोहनाच्या प्रशिक्षणाचा भाग व्हावी.

दुसरा आक्षेप बागायतदाराचा असेल. टोळीला थांबायला लावले तर छाटणी लांबेल आणि मजुरी वाढेल, ही त्याची चिंता खोटी नाही. छाटणीचा काळ मोजकाच असतो. पण दुखऱ्या हाताची छाट मंद व वेडीवाकडी होते आणि अनुभवी छाटणारा हंगामाच्या मध्यात उठून गेला, तर त्याची जागा नवखा घेतो. दर तासाला पाच मिनिटांचा विसावा आणि दर दीड-दोन तासांनी कामाची अदलाबदल, म्हणजे छाटणाऱ्याने काड्या गोळा कराव्यात आणि गोळा करणाऱ्याने छाटावे, एवढी व्यवस्था टोळीचा मुकादम करू शकतो. उक्त्याची मजुरी टोळीत समान वाटली जात असेल, तर अशा अदलाबदलीत कोणाचेही नुकसान होत नाही. नव्या मजुराला पहिल्या आठवड्यात निम्मा दिवसच सलग छाटणी द्यावी.

देशात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. अवजारांच्या प्रात्यक्षिकात तासाला किती क्षेत्र झाले याची नोंद होते. त्याच कागदावर काम करणाऱ्याला मनगटाची वेदना शून्य ते दहा यांपैकी किती जाणवली, हा एक रकाना वाढवण्यास खर्च येत नाही. अवजार बँकेत ट्रॅक्टरच्या अवजारांबरोबर हातकोळपी, धारदार सिकेटर आणि मका सोलणी यंत्रे भाड्याने मिळावीत. हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर व जिल्हा रुग्णालयाचे फिजिओथेरपिस्ट यांना अर्धा तास द्यावा आणि आशा कार्यकर्तीला योग्य आधारपट्टी कोणती, हे प्रत्यक्ष दाखवावे. स्त्रियांच्या गटांतील प्रशिक्षण स्त्रियांच्याच हाताच्या मापाच्या अवजारांवर व्हावे.

पिकावर रोग आला की औषधाआधी बियाणे, पाणी, लागवडीचे अंतर यांची चौकशी करण्याची शिस्त कृषी विस्ताराने शेतकऱ्याला लावली. तीच शिस्त शेतकऱ्याच्या व मजुराच्या हातालाही लागू करावी. मनगट दुखते असे कोणी म्हणाले, तर त्याला योग्य दवाखान्याची वाट दाखवावी आणि त्याच भेटीत त्याच्या हातातील अवजार मागून घेऊन पाते, मूठ व वजन तपासावे.